पाठमोरा इस्तारी

इस्तारीचं सांगायचं म्हणजे आधी त्याच्या पाठीचं सांगावं लागते. लोक माणसाले तोंडावरून ओळखतात, आम्ही इस्तारीले पाठीवरून ओळखत होतो. रुंद काळी पाठ अन् डाव्या खांद्याखाली जाळ्याच्या दोरीनं पडलेला घट्टा. तोंडानं तो काही फार देखणा नव्हता, खोटं काऊन बोलू?

मी गुणाबाई. आम्ही ढिवर लोक, मासोळी धरणारे. आमचं गाव सावलीहून वैनगंगेच्या अंगाले, अन् गावाले मोठा तलाव, मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, आज्यानं बांधलेला. माझ्या नवऱ्याचं नाव मुखरू. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये अशी आमच्यात रीत होती, पण मी घेते. तो जित्ता होता तेव्हाही भांडणात घेतच होती. इस्तारीची बायको रंभा मात्र रीतीची पक्की. लग्नात नाव घे, नाव घे म्हणून बायायनं तिले अडवून धरलं, तर रडाले लागली, पण नाव नाई घेतलं. आम्ही तिले चिडवत होतो, "काय वो रंभा, तुह्या नवऱ्याले बापानं नाव ठेवलं का नाई?" ती नुसती पदर तोंडात धरून हासे.

आता पाठीचं ऐका. आमच्या गावात जाळं सारे मिळून ओढत. मासोळी तलावाच्या पाळीवर, बांधावर, आणून टाकली की तिचे वाटे पडत, घरागणिक एक. घरचा माणूस तापानं फणफणून पडला असो का घरात एकटी रांडमुंड बाई असो, तिचा वाटा पडलाच पाहिजे. मंग इस्तारी वाट्यायकडं पाठ करून बसे, तोंड पाण्याकडं. कोणी एक जण वाट्यावर हात ठेवून विचारे, "हा कोणाचा?" हात ठेवणारा रोज वेगळा. आज एखादी बुढी, उद्या खेळतं पोरगं. इस्तारी न पाहता नाव घेई. ज्याचं नाव निघालं त्यानं मुकाट्यानं वाटा उचलायचा, अन् शेवटी उरेल तो पाठमोऱ्याचा. त्याच्या बापानंही हेच काम केलं होतं.

एकदा माझ्या नावानं सारे झिंगेच आले, अन् शेजारच्या रांडमुंड भागीरथेले ही एवढी मरळ. मी तोंड वाजवलं का? नाई वाजवलं. मी! ज्या गुणाबाईच्या तोंडाले सावलीच्या बाजारातले यापारी भेत, ती झिंगे घेऊन गुमान घरी गेली. पाठमोऱ्याच्या तोंडून निघालं म्हणजे निघालं. त्यात ना इस्तारीचा दोष, ना आपला. एवढ्या एका गोष्टीवर आमचं गाव भांडण न करता जेवत होतं.

मंग मालगुजारी गेली. तलाव सरकारचा झाला अन् सरकारनं त्याचा लिलाव केला. चांद्याच्या गुणवंतराव नावाच्या ठेकेदारानं आमचा तलाव घेतला, आजूबाजूचेही घेतले. मासोळी बर्फात घालून बैलबंडीनं मूल गावच्या स्टेशनावर न्यायची अन् तिथून नागपूरले. गुणवंतराव आम्हाले एकदा दिसला, छत्रीखाली. त्यानं आमच्यावर मॅनेजर आणून बसवला, बाबुलाल.

तुम्हाले वाटत असेल बाबुलाल मोठ्या मिशांचा, शिव्या देणारा असेल. कशाच्या शिव्या! गोड माणूस. केसाले तेल, हातात वेताची बारीक छडी. साऱ्यायले भाऊ म्हणे, बाई म्हणे, पोरायले फुटाणे दे. शिव्या देणाऱ्याले शिव्या देता येतात हो. गोड बोलणाऱ्याचं काय करता?

पाळीवर मासोळीसाठी गोदाम बांधलं, अन् बाबुलालानं त्याच्या भिंतीवर चुन्यानं चौकटी काढल्या. सर्वात वर एक, तिच्याखाली एक, मंग एक, अन् तळाशी लांबच लांब एक. आम्हाले जमवून छडीनं दाखवाले लागला.

"वरती मालक. त्याच्या खाली मी. माझ्या खाली मुकादम. अन् ही तुमची. कोणाले काही सांगायचं असलं तर आपल्या वरच्या चौकटीले सांगायचं. मधलीवरून उडी मारून वर नाई जायचं. असं केलं का धंदा सुरळीत चालते."

"आमच्या खाली कोण?" मी विचारलं.

"तुमच्या खाली जमीन आहे ना, गुणाबाई," तो म्हणाला अन् सारे हासले. मीही हासली.

आता मुकादम कोण? बाबुलालानं आल्या आल्या आमचे वाटे पाह्यले होते. झाडाखाली बिडी ओढत उभा होता अन् बिडी बोटाले लागेपर्यंत त्याचं ध्यान नव्हतं. गावात तगडे माणसं होते, बोलके होते. त्यानं इस्तारीलेच धरलं. खाकी कुडता दिला, गळ्यात शिट्टी दिली. इस्तारी तो कुडता घालून घरी आला, तर रंभा दारातच उभी राह्यली अन् म्हणे, "हे काय घातलं? तुमची पाठ कुठी गेली?" आम्ही बायका खो खो हासलो.

वाटे बंद झाले. मासोळी ठेकेदाराच्या कंपनीची, आम्हाले मजुरी. लोक कुरकुरले, पण बाबुलाल म्हणाला, "तुमची रीत मी कशाले मोडू? कामाचे वाटे इस्तारीच करेल, पाठमोरा बसून." अन् तसंच झालं. सकाळी पाळीवर जाळ्याची दोरी ठेवायची, मासोळीचं टोपलं ठेवायचं, डोंगा ढकलायचा बांबू ठेवायचा, विळा ठेवायचा. इस्तारी पाठ करून बसे. बाबुलाल छडी टेकवून विचारे, "हे कोणाचं?" इस्तारी नाव घेई. ज्याले दोरी त्यानं जाळं ओढायचं, ज्याले टोपलं त्यानं वाहायचं. लोक खूश! मुखरू म्हणे, "मालक बदलला तरी रीत राह्यली, चांगलं झालं."

चूक आमची इथीच झाली. आम्ही जन्मभर पाठीकडं पाहत आलो होतो, पाठीकडंच पाहत राह्यलो. हात कोणाचा आहे हे कोणी पाह्यलंच नाई. पहिले हात रोज बदले. आता रोज तीच छडी.

विळ्याचं सांगते. तलावाचं पाणी सोडाले पाळीत दगडी तुडुम असते, खाली भोकं, अन् भोकं बंद कराले लाकडी गुडदे. त्या तोंडाशी शेवाळ अन् वेली गुंततात. विळा घेऊन खाली बुडी मारायची अन् कापायचं. पाणी ओढून घेते. आमच्या बुढ्यायनं सांगून ठेवलं होतं का गुडदा बसवल्याबिगर तुडुमात उतरायचं नाई. बाबुलालाले पाणी चालू ठेवून काम पाह्यजे होतं, कारण पाणी उतरलं का मासोळी लवकर जमते अन् बंडी लवकर निघते. म्हणून विळा म्हणजे जिवाची जोखीम. पण पाठमोऱ्यानं नाव घेतल्यावर नाई कसं म्हणता?

पहिले विळा सुकलूले आला. आदल्याच दिवशी सुकलूनं मजुरी काऊन थांबली म्हणून विचारलं होतं. मंग कोलूले आला. कोलू म्हणाला होता का कंपनीच्या जाळ्यात बारीक पिल्लंही मरून राह्यले, पुढच्या साली काय खासान? मंग पुन्हा सुकलूले. त्या दिवशी पाण्यानं त्याचा पाय भोकात ओढला. वर काढला तेव्हा पिंडरीची कातडी सोलून निघाली होती. बाबुलालानं स्वतःच्या हातानं हळद लावली अन् म्हणाला, "नशीब, भाऊ. पाठमोऱ्याच्या तोंडून निघालं."

माझ्या डोक्यात तेव्हा काहीतरी खटकलं. मी दुसऱ्या दिवशी इस्तारीची पाठ सोडली अन् छडी पाह्यली. दोरीवर छडी टेकली, आवाज नाई. टोपल्यावर टेकली, आवाज नाई. विळ्यावर मात्र दोनदा वाजली. टक टक. अन् इस्तारीची मान जराशी खाली गेली, मंगच नाव निघालं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! मी सरळ रंभेचं घर गाठलं. ती अंबाडी निवडत होती. मी म्हणलं, "तुह्या नवऱ्यानं आपली पाठ विकली का वो?"

तिनं भाजी खाली ठेवली. म्हणाली, "बाबुलाल बिनकामाच्या लोकायले काढणार होता, बाई. बुढे, रांडमुंड बाया, सारे. चौकटीत बसत नाई म्हणे. आमच्या घरच्यायनं पाय धरले त्याचे. तर तो म्हणे, ठीक आहे, साऱ्यायले ठेवतो, फक्त विळ्याचं नाव मी सकाळी सांगत जाईन ते घ्यायचं. भागीरथा आज टोपलं वाहून खाते ते त्याच्यामुळं." मंग एकदम रडाले लागली. "पण जेवण जात नाई त्यायले. उताणे निजतच नाई. पाठ भाजते म्हणतात."

तेवढ्यात इस्तारी आला. त्यानं माझं तोंड पाह्यलं अन् समजला. मी त्याले नाई नाई ते बोलली. बोलली ते बोलली, आजही बोलेन. तो उभा राहून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "वहिनी, पहिले लोकायच्या नजरा पाठीले लागत नव्हत्या. आता रुतून राह्यल्या."

हे मी मुखरूले सांगतलं. सांगायलाच पाह्यजे होतं. मुखरू माझ्यासारखा तोंडाळ नाई, पण बोलला का थांबत नाई. तो गोदामापाशी गेला अन् साऱ्यायच्या समोर बाबुलालाले म्हणाला, "आजपासून गुडदा बसवल्याबिगर तुडुमात कोणी उतरणार नाई. अन् छडी दुसऱ्या कोणाच्या हाती द्या."

बाबुलाल हासला. खिशातून बिडी काढून मुखरूले दिली, वरून काडीही लावून दिली. "वाजवी बात आहे, मुखरूभाऊ. मी वर कळवतो."

त्यानं आरडाओरडा केला असता तर मी भेली नसती. ती बिडी पेटताना पाह्यली अन् भेली.

मंग पाऊस आला. झडीचा पाऊस, तलाव तुडुंब. तुडुमाचं पाणी असं गरजून राह्यलं होतं का गावात ऐकू येई. त्यात कंपनीचं नवं जाळं, नागपूरहून आणलेलं, वाहत जाऊन तुडुमाच्या तोंडात अडकलं. जाळं अडकलं म्हणून गुडदा बसेना. आमचे बुढे म्हणाले, जाळं गेलं तर गेलं, पाणी उतरू द्या. बाबुलाल म्हणाला, "मालकाचं जाळं आहे. उद्या सकाळी विळा पडेल."

कोणाचं नाव पडेल हे मले कोणी सांगाची गरज नव्हती.

सकाळी इस्तारी आमच्या घरी आला. कुडता, शिट्टी, सारं घालून. मुखरू पेज पिऊन राह्यला होता. इस्तारी ओट्यावर बसला अन् त्याच्याकडं पाहत राह्यला. मी म्हणलं, "बोल ना भाऊजी! बाबुलालानं कोणाचं नाव दिलं आज?" त्यानं मले पाणी मागतलं, पेलं, गडवा पालथा घालून ठेवला. जाताना मुखरूच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाला, "तुह्या घरची पेज चांगली होते, मुखरू."

मी दार अडवून उभी राह्यली. म्हणलं, "तू नाई जायचं. पोटात दुखते म्हण, मेलो म्हण."

मुखरू म्हणे, "अन् माझं नाव निघालं, अन् मी नसलो तर? रीतच बुडाली म्हण ना. मंग उद्या कोणाच्या शब्दाले कोण मानेल?" त्यानं मले बाजूले केलं. असे हे आमचे माणसं. फसवणूक समजली तरी रीत मोडवत नाई.

पाळीवर सारं गाव होतं. दोरी, टोपलं, बांबू अन् विळा, ओल्या गवतावर ठेवले होते. इस्तारी आला. त्यानं कुडता काढला, शिट्टी काढली, दोन्ही गोदामाच्या पायरीवर ठेवले, अन् उघड्या पाठीनं बसला. तो घट्टा मले कित्येक दिवसांनी दिसला.

बाबुलालानं दोरी विचारली नाई, टोपलं विचारलं नाई. सरळ विळ्यावर छडी वाजवली. टक टक.

"हे कोणाचं?"

तुडुम गरजत होतं. मी मुखरूचं मनगट धरून होती.

बाबुलालानं पुन्हा वाजवली. "कोणाचं?"

"इस्तारीचं," इस्तारी म्हणाला.

बाबुलालाचा चेहरा मी तेव्हा पाह्यला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हासू नव्हतं. "तुझं नाव यात नाई, इस्तारी. तू मुकादम आहेस. वरच्या चौकटीतला आहेस."

इस्तारी उठला, वळला, अन् आमच्या साऱ्यायकडं पाह्यलं. म्हणाला, "उरलेला वाटा पाठमोऱ्याचा असते." मंग विळा उचलला. मुखरू ओरडत धावला, "थांब गा! थांब!" पण इस्तारीनं पाण्यात पाय टाकला होता.

तो खाली गेला. थोड्या वेळानं जाळं सुटलं, त्याचा एक लांब तुकडा खालच्या पाटात वाहत आला. सुटलं, सुटलं म्हणून कोणीतरी ओरडलं. मंग विळा पाटाच्या चिखलात सापडला. इस्तारी वर आला नाई. मुखरूनं अन् कोलूनं बुडी मारून कसाबसा गुडदा ठोकला, तेव्हा कुठी पाणी थांबलं, अन् त्यायनं त्याले काढला. पाळीवर ठेवला तेव्हा तो पाठीवर उताणा होता. रंभेनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ती ओरडत होती, "उठा ना, उठा ना, घरी चला." नाव घेऊन हाक मार वो, असं भागीरथा तिले म्हणत होती, मेलेला माणूस नावानं परत फिरते म्हणे. रंभा नुसती "उठा ना" म्हणत राह्यली.

तेरवी होईपर्यंत तलावात कोणी उतरलं नाई. तेरवीच्या संध्याकाळी बाबुलाल आमच्या दारी आला. हातात तो खाकी कुडता, धुतलेला, घडी केलेला, अन् वर शिट्टी.

"मुखरूभाऊ, फार वाईट झालं. पण चौकट रिकामी ठेवता येत नाई. लोक तुमचं ऐकतात. सकाळी या."

मुखरूनं कुडता घेतला. मी भिंतीले टेकून उभी होती. बाबुलाल गेल्यावर मी मुखरूले काय काय बोलली असेल ते विचारू नका. तुले लाज नाई, तुह्या वाट्याचं मरण त्यानं घेतलं, अन् तू त्याचा कुडता घेतोस! मुखरूनं कुडता खुंटीवर टांगला अन् कूस वळवून निजला.

सकाळी तो गेला. कुडता घालून गेला. मी मागं मागं गेली, वाटलं आता याच्या तोंडावर थुंकावं लागते. पाळीवर सारे उभे होते. रंभाही आली होती, भागीरथेच्या आधारानं. दोरी, टोपलं, बांबू, विळा. तोच विळा, चिखल धुऊन ठेवलेला. मुखरू इस्तारीच्या जागेवर गेला, कुडता काढून खाली टाकला, अन् पाठ करून बसला.

बाबुलाल खूश झाला. दोरीवर छडी टेकवली. "हे कोणाचं?"

"इस्तारीचं," मुखरू म्हणाला.

बाबुलालाले वाटलं चुकून निघालं. त्यानं टोपल्यावर छडी टेकवली. "हे?"

"इस्तारीचं."

"मुखरूभाऊ, जित्त्या माणसाचं नाव घ्या." त्यानं बांबूवर छडी मारली. "हे कोणाचं?"

"इस्तारीचं."

तेव्हा सुकलू, सोललेल्या पायानं लंगडत, मुखरूच्या बाजूले जाऊन बसला, पाठ करून. मंग कोलू. मंग बुढे, बाया, पोरं. मीही बसली. सारं गाव बाबुलालाकडं पाठ करून, तोंड पाण्याकडं. मागं त्याचा श्वास ऐकू येत होता. तो चालत विळ्यापाशी गेला हे आम्हाले पायाच्या आवाजावरून समजलं. छडी वाजली. टक टक. त्याचा आवाज आता गोड नव्हता.

"अन् हे? हे कोणाचं आहे?"

मुखरूनं तोंड उघडलं. त्याच्या आधी मागून आवाज आला. बारीक, पण साऱ्या पाळीले ऐकू जाईल असा.

"इस्तारीचं."

मी वळून पाह्यलं, रंभा होती, मागं उभी. पदर खांद्यावर, तोंड उघडं. जन्मात पहिल्यांदा तिनं नवऱ्याचं नाव घेतलं होतं. ती बाबुलालासमोरून चालत गेली, वाकली, अन् विळा उचलला. ज्याचं नाव निघालं त्याच्या घरानं वाटा उचलायचा, ही आमची रीत. बाबुलाल छडी धरून उभाच राह्यला. तिनं विळा पदराखाली घेतला अन् घरी नेला.

त्या दिवशी तलावात कोणी उतरलं नाई. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाई.